मथळा वाचला, बातमी राहिली

कामं आवरली असतील तर बसून ऐका, आवरली नसतील तर हात चालू ठेवून ऐका. आज आधी एक छोटा खेळ खेळू या. मी एका कामाचं वर्णन करते. ते कोणतं काम, हे मी आधी सांगणार नाही. तुम्ही फक्त लक्ष देऊन ऐकायचं.

आधी ते तापवायचं. पण लगेच पुढचं काम करायचं नाही, थोडं थांबायचं. कमी थांबलात तर बिघडतं, फार थांबलात तर होतच नाही. मग जुन्यातलं थोडंसं नव्यात घालायचं. किती घालायचं ते हाताला कळतं. एकदा घातलं की हलवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. थंडीत जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात लवकर होतं. झालं की सगळं संपवायचं नाही. उद्यासाठी थोडं मागे ठेवायचं.

आता सांगा, यातलं किती लक्षात राहिलं? दोन वाक्यं? तीन? आता मी कामाचं नाव सांगते : दह्याला विरजण लावणं. बघा, जी वाक्यं आठवत होती ती आता जागेवर बसली. पण जी निसटली ती निसटलीच. हेच नाव मी आधी सांगितलं असतं, तर तुम्ही प्रत्येक वाक्याला मान डोलावली असती आणि सगळं घडाघडा परत म्हणून दाखवलं असतं. काम रोजचंच आहे, शब्द सोपे आहेत. कमी होतं ते फक्त शीर्षक.

असा प्रयोग १९७२ साली अमेरिकेत जॉन ब्रॅन्सफोर्ड आणि मार्शिया जॉन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केला होता. त्यांनी कपडे धुण्याचं वर्णन लिहिलं, पण कपड्यांचं नाव कुठेच घेतलं नाही. काही जणांना शीर्षक आधी सांगितलं, काहींना सगळं ऐकून झाल्यावर सांगितलं, काहींना सांगितलंच नाही. ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना इतरांच्या जवळपास दुप्पट आठवलं. नंतर सांगितलं त्यांना काहीच फायदा झाला नाही. अजिबात न सांगितलेले आणि नंतर सांगितलेले, दोघं सारखेच राहिले.

मैत्रिणींनो, मथळ्याचं, म्हणजे बातमीच्या वर जाड अक्षरात छापलेल्या ओळीचं काम हेच आहे. मथळा म्हणजे भिंतीतली खुंटी. आधी खुंटी ठोकली जाते, मग पुढे जे वाचू, जे ऐकू, ते आपण तिच्यावर टांगतो. आकाशवाणीवर बातम्यांच्या सुरुवातीला ठळक बातम्या सांगतात आणि संपताना पुन्हा एकदा सांगतात, ते उगीच नाही. माणसाला सुरुवातीचं आणि शेवटचं जास्त आठवतं. म्हणून मथळ्याला नावं ठेवायला मी आज बसलेली नाही. चांगला मथळा मोठी मदत करतो. पण खुंटी जिथे ठोकली, तिथेच सगळं टांगलं जाणार, हेही तेवढंच खरं. खुंटी चुकीच्या जागी असली तर?

याचाही अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात उलरिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना बातम्या वाचायला दिल्या. एक बातमी घरफोड्यांची होती. दहा वर्षांचा हिशेब बघितला तर घरफोड्या कमी झाल्या होत्या. शेवटच्या एका वर्षात मात्र अगदी किंचित वाढल्या होत्या. दोन्ही गोष्टी बातमीत लिहिलेल्या होत्या. काही लोकांना दिलेल्या बातमीवर मथळा होता घरफोड्या कमी होत असल्याचा. बाकीच्यांच्या बातमीवर मथळा होता घरफोड्या वाढल्याचा. आतली बातमी सारखीच. नंतर विचारलं, काय काय आठवतं? ज्यांच्या मथळ्याने छोटी गोष्ट मोठी केली होती, त्यांना बातमीतली मुख्य गोष्ट कमी आठवली. लक्षात घ्या, मथळा खोटा नव्हता. एका वर्षात वाढ झालेलीच होती. पण मथळ्याने शेपटाला तोंड केलं, आणि लोकांच्या मनात शेपूट राहिलं.

त्यांच्या याच अभ्यासाचा दुसरा भाग याहून विचार करायला लावणारा आहे. जनुकीय बदल केलेल्या पिकांवरचा एक लेख होता. त्यात तज्ज्ञांचं मत एका बाजूला होतं आणि वेगळं मत असणाऱ्याची शंका दुसऱ्या बाजूला. मथळ्यात ती शंकाच घेतली, तर काय झालं? लोकांना लेखात काय लिहिलंय ते बरोबर आठवलं. पण तुमचं स्वतःचं मत काय झालं, असं विचारल्यावर त्यांचं मत मथळ्याकडे झुकलं. ती पिकं चांगली की वाईट, हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की पूर्ण लेख वाचलेल्या माणसाचं मतसुद्धा मथळा ओढून नेतो. मग जिने फक्त मथळाच वाचलाय, तिचं काय? आणि फक्त मथळा वाचणाऱ्या आपण काही थोड्या नाही. दळण आणायला गेल्यावर गिरणीत पडलेल्या पेपरवर नजर टाकायची, मोबाइलवर आलेली ओळ अंगठ्याने वर सरकवायची, टीव्हीवर खालून पळणारी पट्टी भाजी चिरता चिरता वाचायची. आपल्या बहुतेक बातम्या अशाच येतात.

आता हा मथळा देतं कोण? पुष्कळदा गावातून बातमी पाठवणारा बातमीदार तो देत नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक असतात, ते बातमी तपासतात, कापतात, जुळवतात आणि मथळा देतात. कागदावर जागा ठरलेली असते. चार-पाच शब्दांत सगळं बसवायचं असतं. मग काय गळतं? "फक्त" गळतं. "पर्यंत" गळतं. "पात्र असल्यास" गळतं. "प्रस्ताव आहे" याचं "मिळणार" होतं. आणि मोबाइलवरच्या बातम्यांना तर तुमचं बोट हवं असतं. तुम्ही उघडलं की त्यांना जाहिरातीचे पैसे. म्हणून "मोठी बातमी", "महिलांसाठी खुशखबर", "आजच हे काम करा, नाहीतर पैसे बंद" असं लिहितात, आणि नेमकं कोणतं काम, ते पाचव्या परिच्छेदात दडवतात. गळालेले ते दोन-तीन शब्दच आपल्या घरखर्चाशी संबंधित असतात, अडचण तिथे आहे.

उदाहरणं आपल्याच घरातली घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये. एप्रिल २०२५ मध्ये बातम्या आल्या, लाडक्या बहिणींना आता ५०० रुपयेच. एवढं वाचून जिवाला घोर लागणारच. कुणी सिलिंडरचा हिशेब करून ठेवलेला, कुणी त्याच पैशावर भिशी लावलेली. पण बातमीच्या पोटात काय होतं? ज्या बहिणींना नमो शेतकरी महासन्मान योजनेचे वर्षाला ६००० आणि पीएम किसानचे ६०००, म्हणजे एकूण १२,०००, महिन्याला १००० रुपये आधीच मिळतात, त्यांना या योजनेतून फरकाचे ५०० मिळतात. म्हणजे त्यांच्याही हातात सरकारकडून येणारे एकूण १५०० आहेतच. अशा बहिणी सुमारे पावणेआठ लाख. योजनेतल्या एकूण बहिणी तेव्हा दोन कोटींहून जास्त होत्या. महिला व बालविकास मंत्र्यांनी तेव्हा खुलासाही केला, की दुसऱ्या योजनेतून १५०० पेक्षा कमी मिळत असतील तर फरकाची रक्कम द्यायची, हे २०२४ च्या शासन निर्णयातच आहे. आता हा नियम कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. त्यावर ग्रामसभेत जरूर बोला. पण बोलायच्या आधी नियम काय आहे ते तर कळायला हवं. मथळ्यातून गळालेला शब्द एकच होता : "कोणाला".

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. तिथे मथळा घाबरवत नाही, हुरळून टाकतो. २५ ऑगस्ट २०२४ ला जळगावात पंतप्रधानांच्या हस्ते लखपती दीदींचा मोठा कार्यक्रम झाला. बचत गटांसाठी २५०० कोटींचा निधी दिला, अशी बातमी. २५०० कोटी म्हटलं की डोळे विस्फारतात. आता त्याच बातमीतला दुसरा आकडा घ्या. हा निधी ४ लाख ३० हजार गटांसाठी, म्हणजे ४८ लाख बायकांसाठी. आपल्याला महिन्याची बचत, व्याज, थकबाकी मांडता येते, तर हा भागाकारही येतो. करून बघा. गटाला सरासरी साधारण ५८ हजार, आणि एकेका बाईच्या वाट्याला साधारण ५२०० रुपये. तेही फिरत्या निधीचे, म्हणजे गटात फिरवायचे, उचल घेतली की परत भरायचे. ही रक्कम छोटी आहे असं मी म्हणत नाही. एका शेळीला, चार पोती पेंडीला त्याचा आधार होतो. पण २५०० कोटी ऐकून "आमचे पैसे कुठे गेले?" म्हणून गटाच्या सचिवाकडे संशयाने बघायचं कारण नाही.

आणि "लखपती दीदी" हे नाव तरी बघा. नावच मथळा झालंय. कितीतरी जणी मला विचारतात, ताई, ते लाख रुपये खात्यावर कधी पडणार? लाख रुपये कुणी देत नाही. गटातल्या ज्या बाईच्या घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाख किंवा त्याच्या वर गेलं, म्हणजे महिन्याला सरासरी दहा हजारांच्या वर, आणि ते एखाद्याच हंगामात नाही तर टिकून राहिलं, ती लखपती दीदी. शेळ्या तिच्या, शिवणकाम तिचं, मसाल्याचा ठसका तिचाच. प्रशिक्षण, कर्ज, बाजाराची ओळख यासाठी मदत आहे. पण लाख तिला स्वतः कमवायचे आहेत. नाव ऐकून जी वाट बघत बसली, तिचं वर्ष गेलं.

शिलाई मशीनचंही तसंच. "प्रत्येक महिलेला मोफत शिलाई मशीन" हा निरोप कित्येक वर्षं मोबाइलवर फिरतोय. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं सांगितलेलं आहे. खरं काय आहे? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. ती १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे आणि त्यात शिंपीकाम येतं. तिथे कौशल्याची पडताळणी होते, प्रशिक्षण असतं, प्रशिक्षणाच्या दिवसांचा रोज ५०० रुपये भत्ता असतो, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत असते. नोंदणी सीएससी केंद्रात होते आणि ती मोफत आहे. म्हणजे शिवणकाम करणारीला खरोखर दार उघडं आहे. पण "मोफत मशीन" या दोन शब्दांच्या मागे लागून अनोळखी लिंकवर आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील भरणारी बाई त्या दारापर्यंत पोचतच नाही.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. कर्जमाफी. हा शब्द पेपरात मोठ्या अक्षरात आला की पुढचे दोन महिने आमच्या कामाची दमछाक होते. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. मथळा : दोन लाखांपर्यंत कर्जमाफी. आत काय होतं? शेतीसाठी घेतलेलं अल्पमुदतीचं पीक कर्ज आणि पुनर्गठन केलेलं पीक कर्ज. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेलं. ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं. आणि थकबाकी दोन लाखांच्या आत. मोजा बरं, किती अटी झाल्या. आणि बचत गटाच्या कर्जाचा त्यात कुठे उल्लेख आहे? नाही. फायनान्स कंपनीच्या कर्जाचा? नाही.

पण "कर्जमाफी" एवढाच शब्द कानावर पडलेली बाई काय म्हणते? "थांबू या, भरून काय उपयोग, माफच होणार आहे." दहा जणींच्या गटात दोघींनी असा हप्ता थांबवला की आधी बाकीच्या आठ जणी स्वतःच्या बचतीतून भरतात. दुसऱ्या महिन्यात कुरबुर होते. तिसऱ्या महिन्यात त्याही थांबतात. वेळेवर परतफेड करणाऱ्या गटाला व्याजात जी सवलत मिळते, ती हातची जाते. खातं थकीत दिसायला लागतं, बँक पुढचं मोठं कर्ज अडवते. आणि ज्यांना त्या वर्षी मुलीच्या शिक्षणासाठी, विहिरीच्या मोटरीसाठी उचल हवी होती, त्या रिकाम्या हाताने राहतात. त्यांचा दोष काय? पाच वर्षं जमवलेली गटाची पत तीन महिन्यांत जाते. गट बँकेने मोडला, अध्यक्षाने मोडला, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर तो न वाचलेल्या बातमीने मोडलेला असतो.

काही मथळ्यांच्या खाली तर बातमीच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एक ओळ आणि एक फोटो. कुठली, कधीची, कुणी लिहिली, काही पत्ता नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात काय झालं, ते आपल्यातल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या भागात मोबाइलवर फिरत होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. सोलापूरकडून आलेले भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. लोकांच्या डोक्यात खुंटी आधीच ठोकलेली होती. अनोळखी कपडे, अनोळखी बोली, सगळं तिच्यावर टांगलं गेलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच जणांना पाठवायलाही एकच अंगठा लागतो, आणि तो आपला असतो.

तुम्ही म्हणाल, चूक कळली की सांगून टाकू, "ते खोटं आहे." एवढ्याने भागत नाही. होलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या दोघींनी १९९४ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी थोडी थोडी करून दिली. आधी सांगितलं, एका लहान खोलीत रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या ठेवलेल्या होत्या. नंतर सांगितलं, ती माहिती चुकीची होती, ती खोली रिकामी होती. लोकांना ही दुरुस्ती आठवत होती. तरीही धूर इतका का झाला, असं विचारलं की ते रंग आणि गॅसकडे बोट दाखवायचे. मनातली खुंटी उपटली की भिंतीला भोक राहतं, आणि माणसाला भोक सहन होत नाही. पण आग लावल्याचा पुरावा सापडला, असं दुसरं कारण त्यांना दिलं, तेव्हा मात्र पहिली गोष्ट बरीच मागे पडली.

यातून आपल्या कामाची गोष्ट निघते. मैत्रिणीला नुसतं "खोटं आहे गं" म्हणू नका. त्या जागी खरं काय ते ठेवा. "मोफत मशीन खोटं आहे" एवढ्यावर थांबू नका. "शिवणकाम करत असशील तर विश्वकर्मा योजना आहे, सीएससी केंद्रात जा, नोंदणीला पैसे लागत नाहीत" असं सांगा. "कर्जमाफी आपल्याला नाही" म्हणून गप्प बसू नका. "ती पीक कर्जाची आहे, तुझ्या मालकांचं सोसायटीचं कर्ज त्यात बसतंय का ते आपण बघू, पण गटाचा हप्ता दहा तारखेला भरायचाच आहे" असं पूर्ण वाक्य सांगा. जुनी खुंटी काढायची तर नवी ठोकूनच काढायची.

आता उपाय. तो हाताच्या पाच बोटांवर बसवलाय, म्हणजे वही नसली तरी चालेल. मथळा दिसला, की बोटं मोजायची. अंगठा : कोणाला? पहिलं बोट : किती, आणि एकेकीच्या वाट्याला किती? मधलं बोट : कधीपासून, आणि बातमी कुठल्या तारखेची? चौथं बोट : कोणत्या अटीवर? करंगळी : ठरलं, की ठरणार आहे? करंगळी छोटी आहे, पण मला विचाराल तर तीच सगळ्यात कामाची. आधी कुणीतरी मागणी करतो. मग मंत्री घोषणा करतात. मग मंत्रिमंडळात निर्णय होतो. मग शासन निर्णय निघतो, ज्याला आपण जीआर म्हणतो. मग अर्ज, मग तपासणी, मग खात्यात पैसे. मथळा यातल्या प्रत्येक पायरीवर येतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, पैसे आलेच. "शक्यता", "संकेत", "विचाराधीन", "मागणी" हे शब्द दिसले किंवा मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं, की समजायचं, दूध अजून तापतंय, विरजण लागायचंय. शासन निर्णय मराठीत असतात, राज्य शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, ती काढून वाचून दाखवेल. भाषा जड असते, पण पात्रता, अपात्रता, लागणारी कागदपत्रं हे परिच्छेद वेगळे असतात. तेवढे वाचले तरी पुरे. आणि पेपरात बातमीसारखं छापलेलं दिसलं तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात" लिहिलंय का, तेही बघायचं.

दुसरं, गटाच्या बैठकीत दहा मिनिटं बातमीला द्या. बचत गोळा झाली, परतफेड नोंदवली, की एकीने एक बातमी शेवटपर्यंत वाचून दाखवायची, मथळा मात्र वाचायचा नाही. ऐकून झाल्यावर प्रत्येकीने स्वतःचा मथळा सांगायचा. मग खरा मथळा उघड करायचा. आमच्या काही गटांत हे सुरू आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीबाईंचा मथळा कधी कधी छापलेल्या मथळ्यापेक्षा नेमका असतो, कारण त्या ऐकतात पूर्ण आणि बोलतात मोजकं. "लाडक्या बहिणींना ५०० रुपये" या बातमीला एकीने दिलेला मथळा सांगते : "हजार मिळणारीला पाचशे, बाकीच्यांना पंधराशेच." आठ शब्दही लागले नाहीत, आणि सगळं आलं.

तिसरं, मैत्रिणींनो, मथळे आपणही लिहितो. आपलं इतिवृत्त उघडून बघा. "कर्जाबाबत चर्चा झाली." एवढंच लिहिलेलं असतं. तीन महिन्यांनी वाद होतो, कुणाला किती मंजूर झालं, व्याज किती ठरलं, आणि वही काहीच बोलत नाही. त्या दिवशी हजर असलेल्या दहाजणींना दहा वेगळ्या गोष्टी आठवतात. त्याऐवजी "अमुक ताईंना शेळीपालनासाठी १५,००० रुपये, दहा हप्ते, पहिला हप्ता पुढच्या बैठकीत" असं लिहिलं की वहीच साक्षीदार होते. मोबाइलवरच्या गटात "उद्या सगळ्यांनी बँकेत या" असं टाकलं की निम्म्या जणींचा जीव खालीवर होतो आणि मजुरी बुडवून सगळ्या रांगेत येतात. "मंगळवारी ११ वाजता फक्त अध्यक्ष आणि सचिवांनी सहीसाठी बँकेत यायचं आहे" असं टाकलं की आठ जणींची मजुरी वाचते. जे "फक्त" पेपरवाल्यांच्या हातून गळतं, ते आपल्या हातून गळू द्यायचं नाही.

या आठवड्याचं काम देते. येत्या बैठकीत कुठलीही एक बातमी घ्या, पाच बोटं लावा आणि गटाचा स्वतःचा मथळा इतिवृत्ताच्या शेवटी लिहून ठेवा. महिन्याभराने तो पुन्हा वाचा. काय लक्षात राहिलं होतं आणि काय निसटलं होतं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. कुठल्या बातमीत बोटं अडकली, तर आपल्या केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी तीच बातमी आपण सगळ्या मिळून वाचू.

चला, कुणाचं दूध उतू जायला आलं असेल.